तांब्या कुणाच्या हातात होता

“तुम्ही अजून थोडं खाली वाका ना,” त्या बाई म्हणाल्या. “मला वरून ओतायचंय.”

मी वाकले. गुडघे मातीत होतेच, आता कोपरंही जवळजवळ टेकली. ओंजळ तोंडाशी धरली. बाईंनी तांब्या खांद्याच्या वर नेला आणि ओतला. ओंजळीत थोडं पडलं, बाकी नाकात गेलं. मला ठसका लागला. मागे वीसेक माणसं उभी होती. त्यातला एक जण हळूच म्हणाला, “काय रिअल करते यार.”

तांब्या संपला. बाई म्हणाल्या, “परत एकदा करू का? मगाशी नीट जमलं नाही.”

त्या जागी मला बोलायची परवानगी नव्हती. मी मान हलवली. त्यांनी पिंपातून तांब्या भरून घेतला, पुन्हा ओतला. या वेळी जमलं. मग त्यांचे डोळे भरून आले. खाली बसून त्यांनी मला मिठी मारली. “आम्हा सगळ्यांच्या वतीनं सॉरी,” असं कानात म्हणाल्या. अंगाला अत्तराचा वास होता. उठल्यावर त्यांनी पर्समधून ओला कागदी रुमाल काढला आणि हात पुसले. तिथं धूळ खूप असते, धुळीमुळेही पुसले असतील. मी पाहिलं ते सांगतेय.

हे नाटक होतं. चेण्याला, घोडबंदर रोडवरून आत गेलं की एका फार्महाऊसची मोठी जागा आहे. तिथं एक खोटं गाव उभं केलं होतं. पार, शाळा, देऊळ, प्लायवूडची विहीर. दगडासारखा रंग दिलेला, आत पाण्याचं पिंप. प्रेक्षकानं खुर्चीत बसायचं नाही. त्यानं गावात शिरायचं, हिंडायचं, भाग घ्यायचा. दारातच टोपली ठेवलेली असायची. त्यातून प्रत्येकानं एक कार्ड उचलायचं. कार्डावर तुमची भूमिका. कुणी पुजारी, कुणी दुकानदार, कुणी पाटलीणबाई. पाटलीणबाईच्या कार्डावर लिहिलेलं असायचं: विहिरीवर एक मुलगी येईल. तिला पाणी द्या. हात लागू देऊ नका.

ती मुलगी म्हणजे मी.

मी काशीगावात राहते. आईवडील मराठवाड्यातून आले, मी इथलीच. बी.कॉम. झाले. मीरा रोडला एका लॅबच्या काउंटरवर बसते. सुया, रक्त, रिपोर्ट. पण लहानपणापासून वेड एकच, नाटक. आमच्या विहारात जयंतीला नाटक बसायचं, त्यात मी दुसरीत असल्यापासून उभी राहिले आहे. आधी झाडाचं काम, मग मुलीचं, मग वकिलाचं. आवाज खणखणीत. सगळे म्हणायचे, ही पुढं जाणार. मलाही तसंच वाटायचं, कशाला खोटं बोलू.

म्हणून या नाटकाच्या ऑडिशनला गेले. त्यात एक मास्तरीण होती. ती प्रेक्षकांना गावभर फिरवते, सगळा वेळ बोलते, शेवटी भाषण करते. मला ती करायची होती. आठ दिवस तयारी केली. लॅबमध्ये गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली कागद धरून पाठ करायचे. ऑडिशनला एका दमात म्हटलं, कुठं अडखळले नाही. दिग्दर्शक खुर्चीत पुढं सरकून बसले. त्यांना सगळे सर म्हणायचे, मीही म्हणू लागले.

“आवाज मस्त आहे,” सर म्हणाले. “आडनाव काय तुझं?”

सांगितलं.

“मूळ गाव?”

सांगितलं.

“मग तुझ्याकडे तर स्वतःचंच मटेरियल असेल,” सर म्हणाले. ते खरंच खूश झाले होते.

मास्तरीण पार्ल्याहून येणाऱ्या एका मुलीला मिळाली. ती काम चांगलं करायची, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त तिला कुणी विचारलं नाही की तुझ्या घरात मास्तरीण कोण होतं. तिला भूमिका दिली. मला माझी जात दिली.

मी का घेतली? नाटक मिळत होतं म्हणून. आज छोटं काम, उद्या मोठं. असाच हिशोब सगळे करतात.

मग वर्कशॉप झालं. सगळे जमिनीवर गोल बसलो. दिवे मंद केले, उदबत्ती लावली. सर म्हणाले, ज्याच्याकडे जे आहे ते द्या. मी आईची गोष्ट दिली. म्हणजे मला जेवढी ठाऊक होती तेवढी. शाळेत असताना मी एकदा तिला विचारलं होतं, तुझ्या लहानपणी गावात काय व्हायचं. तेव्हा ती भांडी लावता लावता म्हणाली होती, “वरून वतायचे पाणी. आपण वंजळ धरायची.” एवढंच. पुढं काही बोलली नव्हती. वर्कशॉपमध्ये मी ते पुरं केलं. ऊन घातलं, शेत घातलं, अनवाणी पाय घातले. आणि म्हटलं, आई ते पाणी प्यायली. तहान लागली होती, काय करणार.

दोघी रडल्या. सरांनी वहीत एक ओळ लिहिली: अपमानापेक्षा तहान मोठी. पुढं तीच ओळ पोस्टरवर आली. त्या दिवशी मला फार भारी वाटलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, लाल रुमालाची. प्रत्येक प्रेक्षकाला कार्डाबरोबर एक लाल रुमाल द्यायचे. कुठल्याही प्रसंगात कुणाला त्रास झाला, सहन झालं नाही, तर त्यानं रुमाल वर करायचा. लगेच नाटक थांबणार. स्वयंसेवक येणार, हाताला धरून एसीच्या खोलीत नेणार, सरबत देणार. प्रेक्षकाला सुरक्षित वाटलं पाहिजे, असा त्यांचा नियम होता. पहिल्याच आठवड्यात माझ्या नाकात पाणी गेलं, डोकं भणभणलं. प्रयोगानंतर मी व्यवस्था बघणाऱ्या मुलीला म्हटलं, “आम्हाला पण द्या ना एक रुमाल.”

ती हसली. “अगं, तू तर ॲक्टर आहेस.”

मीही हसले.

शनिवार-रविवार संध्याकाळी पाचला प्रयोग असायचा. हळूहळू मला माणसं ओळखता यायला लागली. काही घाबरून पटकन ओततात, नजर दुसरीकडं. काही मजा घेतात, धार बारीक करतात, मला वाट बघायला लावतात. काही जण तांब्या हातात देऊ बघायचे, तेव्हा स्वयंसेवक त्यांना हळूच कार्ड दाखवायचा. हात लागू देऊ नका. मग तेही ओतायचे. आणि ओतून झालं की बहुतेक सगळे रडायचे. त्यांना रडता यावं म्हणून मी रोज वाकत होते. हे मला तेव्हा कळत होतं का? कळत होतं. आत कुठंतरी टोचायचं. मी त्याकडं बघत नव्हते.

प्रयोगानंतर ‘संवाद’ असायचा. प्रेक्षक खुर्च्यांवर, आम्ही नट त्याच मातकट कपड्यांत पुढं खाली सतरंजीवर. त्यांनी प्रश्न विचारायचे, आम्ही उत्तरं द्यायची. मला नेहमी तेच. हे सगळं तुमच्या घरात झालंय? आता तर राहिलं नाही ना असं काही? तुम्ही किती शांतपणे सांगता. मास्तरणीला विचारायचे, एवढं पाठांतर कसं करता.

मग एका रविवारी रील बनवणारी मंडळी बोलावली. एरवी फोन बंद ठेवायला सांगायचे, त्या दिवशी सूट होती. दोन दिवसांनी मी लॅबमधून घरी आले तर आई दारातच बसलेली. माझी आई भायंदरच्या एका शाळेत आया आहे. तीन वाजता घरी येते आणि कामाला लागते. अशी नुसती बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. शेजारच्या शिलाईवाल्या चाची तिच्यासमोर फोन धरून उभ्या होत्या.

“देखो, आ गई हिरोइन,” चाची म्हणाल्या. “कितना अच्छा करती है. मुझे तो रोना आ गया.”

फोनवर मी होते. वाकलेली. ओंजळ धरलेली. खाली अक्षरं: एका आईची खरी गोष्ट.

चाची गेल्या. आईनं दार लोटलं.

“ही कुणाची गोष्ट हाय?” तिनं विचारलं.

मी पर्स खुंटीला अडकवली.

“माझी हाय ना? कामून सांगितलीस?”

मी सांगायला लागले. नाटक असं असतं, लोकांना कळायला पाहिजे, लोक रडतात, सॉरी म्हणतात. आई ऐकत होती. मग म्हणाली, “पण मी पेलेच नव्हते.”

“काय?”

“पाणी. पेलेच नव्हते मी. नऊ वर्साची व्हते. तिनं वरून वतलं, हातावर पडलं, कोपरापर्यंत वघळ आले. मी हात काढून घेतले. समदं मातीत गेलं. ती शिव्या देत व्हती मागून. तशीच वापस आले घरी. उन्हाचं. जीभ टाळ्याला चिकटली व्हती.” ती थांबली. “तू मला रोज पाजतीस तिथं?”

माझी आई कुठंही गेली तरी पिशवीत पाण्याची बाटली असते. शाळेत, दवाखान्यात, लग्नात, सख्ख्या भावाच्या घरीसुद्धा. बाटलीला ओलं फडकं गुंडाळलेलं. कुणी पाणी पुढं केलं तर म्हणते, आहे माझ्याकडं. आम्ही तिला किती चिडवलं त्यावरून. मामा म्हणायचा, हिची बाटली हिच्याबरोबर सरणावर जाणार. कुणाला कधी विचारावंसं वाटलं नाही. मलाही नाही. तेहतीस वर्षं मुंबईच्या बाजूला राहून ही बाई कुणाच्या दारात पाणी मागत नाही, आणि मी तिला शनिवार-रविवार गुडघ्यावर बसवून पाजत होते.

मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली सांगते. गोष्ट अर्धी होती, पुढचं मी ठरवलं होतं. आणि मी ठरवताना ती प्यायली असंच ठरवलं. ती नाही म्हणू शकली असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पाटलीणबाईंच्या घरच्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं तर समजू शकते. मी तिच्या पोटची. मलाही वाटलं, आपली माणसं पिणारच.

पुढच्या शनिवारी गेले. सरांना आधी काही सांगितलं नाही, हिंमतच झाली नाही. विहिरीपाशी पोचले, वाकले, ओंजळ धरली. एक तरुण मुलगा पाटलीणबाई झाला होता. त्यानं तांब्या वर नेला. पाणी पडायला लागलं आणि मी हात काढून घेतले. सगळं मातीत गेलं. मी उठले, त्याच्याकडं बघितलं आणि चालायला लागले. वाटलं, झालं. मोडलं मी हे नाटक.

आणि टाळ्या पडल्या.

विंगेत, म्हणजे ज्या ताडपत्रीच्या मागे आम्ही उभे राहायचो तिथं, सर धावत आले. “काय केलंस तू! हेच हवं होतं. लॉक करू हे.”

“सर, ते नाटकातलं नव्हतं,” मी म्हटलं. “माझी आई प्यायलीच नव्हती. मला कळलंय. हा प्रसंग काढून टाका.”

“एक्झॅक्टली. म्हणूनच ते इतकं पोचलं,” सर म्हणाले. “आणि काढून कसं टाकू? शोचा जीव त्यात आहे. तूच दिलास ना आम्हाला?”

खरं होतं. मीच दिला होता.

दुसऱ्या दिवशी एक हलगीवाला आला. मी हात काढून घेतले की हलगीचा एक ठोका. उठले की दुसरा. चालायला लागले की कडकडाट. आई त्या दिवशी उन्हातून एकटी गेली होती, मागून शिव्या येत होत्या. इथं मागून हलगी आणि टाळ्या. आणि मी तेही केलं. तीन प्रयोग केले. टाळ्या आवडत होत्या मला. लिहायला लाज वाटते, पण आवडत होत्या. आजवर मला कधी एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या. घरी येऊन आईच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. तीही विचारत नव्हती. बाटली भरून ठेवायची, झोपायची.

तिसऱ्या प्रयोगानंतर संवादाला बसलो होतो. पुढच्या खुर्चीत एक आजोबा होते, सत्तरीचे, पांढरा सदरा, शेजारी त्यांची मुलगी. माणूस सज्जन दिसत होता. त्यांनी हात वर केला.

“मीही मराठवाड्यातलाच,” ते म्हणाले. “पण खरं सांगतो, आमच्या घरी असलं काही नव्हतं. आमच्या आईनं दारातून कुणाला कधी तहानलेलं पाठवलं नाही. महारवाड्यातली माणसंसुद्धा आमच्याकडंच पाणी प्यायला यायची.”

खुर्च्यांमध्ये माना हलल्या. माझ्याकडं बघून कुणीतरी हसलंही, बघा, चांगली माणसंही होती, अशा अर्थानं.

मी विचारलं, “पाणी कसं द्यायच्या तुमच्या आई?”

“म्हणजे?”

“तांब्या कुणाच्या हातात असायचा? पिणाऱ्याच्या, का तुमच्या आईंच्या?”

आजोबा माझ्याकडं बघत राहिले. त्यांना आठवत होतं. दिसत होतं ते. मी आवाज चढवला नव्हता. सतरंजीवर मांडी घालून बसले होते आणि वाट बघत होते. त्या गावात पहिल्यांदाच कुणीतरी खरी गोष्ट सांगणार होतं. आमची नाही, त्यांची. मला ती ऐकायची होती.

तेवढ्यात त्यांच्या मुलीनं लाल रुमाल वर केला.

दोन स्वयंसेवक धावत आले. “आपण दोन मिनिटं थांबू या,” त्यातला एक सगळ्यांना म्हणाला. आजोबांना हाताला धरून एसीच्या खोलीत नेलं. सरबत गेलं आत. व्यवस्था बघणारी मुलगी माझ्या शेजारी वाकून म्हणाली, “तू प्लीज गप्प बस.”

एवढे प्रयोग मी वाकले, नाकातोंडात पाणी घेतलं, छाती धरून ठसकले. एकदाही कुणाला माझ्यासाठी रुमाल वर करावासा वाटला नाही. आणि एका प्रश्नाला सगळं थांबलं.

नंतर सरांनी बोलावलं. ते रागावले नव्हते, समजावत होते. “प्रेक्षकाला असुरक्षित वाटता कामा नये.”

“मी फक्त प्रश्न विचारला.”

“प्रश्न विचारणं त्यांचं काम आहे,” सर म्हणाले. “तुझं नाही.”

मी म्हटलं, मी यापुढं येणार नाही. आईचा प्रसंग काढा. ते म्हणाले, बघतो.

घरी आले. आई तांदूळ निवडत होती. सांगितलं, सोडलं मी.

“काढलं का त्यांनी ते?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग काय सुटलं?” ती म्हणाली आणि खडा उचलून बाजूला टाकला.

प्रसंग अजून चालू आहे. पंधरा दिवसांनी अनोळखी नंबरवरून एका मुलीचा फोन आला. नवीन लागली होती, माझ्या जागी. तिचं आडनाव मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

“ताई, ती ओंजळ कशी धरायची?” ती म्हणाली. “माझ्या नाकात पाणी जातंय.”

“हात काढून घे,” मी म्हटलं.

“ते पुढं आहेच ना, ताई. हलगीच्या ठोक्याबरोबर. मी त्याच्या आधीचं विचारतेय.”

काय सांगणार होते मी? नाकातून श्वास सोडत राहा, एवढं सांगितलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी खूप रडले. आम्ही नाही म्हणायला शिकलो तर त्यांनी त्याचीही वेळ ठरवून दिली. कुठं उठायचं, किती पावलं चालायचं. यातून बाहेरची वाट मला दिसत नाही. नाटकही गेलं. आता कुठं ऑडिशन असली की वाटतं, आधी आडनाव विचारतील. लॅबमध्ये बसते. सुया, रक्त, रिपोर्ट.

हे लिहिलं ते आईला विचारून. ती म्हणाली, लिही, पण एक नीट लिही. म्हणून लिहिते: ती पाणी प्यायली नव्हती. पोस्टरवरची ओळ खोटी आहे. ती मी खोटी केली.

आणि हे शेवटचं. इथं मी गावाचं नाव लिहिलं नाही, आईचं नाही, माझंही नाही. विसरले म्हणून नाही. आमच्या ओंजळीत किती पडलं आणि किती सांडलं, ते यापुढं माझ्याकडून कुणाला मिळणार नाही. वर्कशॉपमध्ये नाही, सतरंजीवर बसून नाही, कुणाच्या मिठीत नाही. ज्यांना गोष्ट हवी त्यांनी आपल्या घरी जावं. आईला विचारावं, आजीला विचारावं. त्या नसतील तर माळ्यावर तांब्या असेल, तो खाली काढावा आणि कुणाच्या हातात होता ते आठवावं. मग यावं, लाल रुमाल घरी ठेवून, आणि उभं राहून सगळ्यांसमोर सांगावं. मी ऐकायला येईन. खाली बसणार नाही. खुर्चीवर बसून ऐकेन.